ओट्याखाली आलेलं पाणी कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

विलेपार्ल्यातल्या एका चार मजली जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या वाचक भगिनींनी लिहिलं आहे. तळमजल्यावर दुकानं आहेत. घरात सासूबाईंसह पाच माणसं, भांडी घासायला बाई येतात. गेल्या आठ महिन्यांपासून स्वयंपाकघरातलं सिंक दर पंधरा-वीस दिवसांनी तुंबतं. दर वेळी ड्रेन साफ करायच्या पावडरीची दोन पाकिटं ओतली जातात, पाणी कसंबसं उतरतं आणि पुन्हा तेच. मागच्या महिन्यात पावडरीनेही भागेना, म्हणून कुणा मुलाला बोलावलं. त्याने ओट्याखालच्या जाळीतून लोखंडी सळई खुपसली. पाणी उतरलं, पण तेव्हापासून खालच्या दुकानाच्या छताला ओल धरली आहे. प्लंबर म्हणतो, लादी फोडून सगळी लाइन बदलावी लागेल. सेक्रेटरी म्हणतात, घरातलं काम आहे, तुमचं तुम्ही बघा. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी मोरी कधी तुंबली नाही. फोडावं, की पावडरीवर दिवस काढावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

ताई,

पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे. मे महिन्यात आठ दिवस गावी गेला होतात, घराला कुलूप होतं आणि परत आल्यावर ओट्याखाली फरशीवर चिकट काळसर ओघळ आणि वाळलेली शितं दिसली. तुम्ही ती पुसून टाकलीत आणि विषय संपला. पण त्या आठ दिवसांत तुमच्या घरात भात शिजलाच नव्हता. मग ती शितं आली कुठून?

फोडायचं की नाही हे ठरवण्याआधी याचं उत्तर शोधायला हवं. तुम्ही, प्लंबर, सेक्रेटरी आणि सासूबाई, चौघांनीही एक गोष्ट धरून चालला आहात: पाणी तुमच्या घरात साचतं, म्हणजे बोळाही तुमच्याच घरात आहे. तसं असेलच असं नाही. तुमचं वर्णन वाचून वाटतं ते असं की बोळे दोन आहेत. एक तुमच्या सिंकच्या पाइपात, दुसरा तुमच्या भिंतीबाहेर, सगळ्यांच्या सामाईक लाइनमध्ये. दोन्हींचा इलाज वेगळा आणि खर्च करणाराही वेगळा.

आधी पाण्याचा रस्ता बघा. मुंबईतल्या जुन्या इमारतींत सिंक बहुतेक वेळा मागाहून बसवलेलं असतं. मूळ बांधकामात होती ती मोरी आणि मोरीच्या कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा, पाणी धरून गटाराचा वास अडवणारा वाकडा भाग. सिंक आलं तेव्हा त्याच्या वेस्ट कपलिंगला, म्हणजे सिंकच्या भोकात बसवलेल्या जोडणीला, एक लवचिक, घड्याघड्यांचा वेस्ट पाइप लावला आणि त्याचं दुसरं टोक ट्रॅपच्या जाळीत सोडून दिलं. ट्रॅपमधून साधारण ३ इंची पाइप दोन-चार फूट आडवा जाऊन भिंतीबाहेरच्या उभ्या लाइनला मिळतो. वरच्या तीनही मजल्यांची स्वयंपाकघरं त्याच उभ्या लाइनवर असतात. ती खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या सामाईक ट्रॅपमध्ये, उतरते, तिथून चेंबर, म्हणजे आवारातला झाकणाचा हौद, आणि मग रस्त्यातलं गटार. संडासाची लाइन जुन्या इमारतींत सहसा निराळी असते, त्यामुळे तुमच्या फरशीवर आलेलं पाणी मोरीचंच असण्याची शक्यता जास्त, तेवढा दिलासा आहे.

आता त्या उभ्या लाइनमध्ये तुमच्या जोडाच्या खाली कुठे चरबीचा बोळा बसला, तर वरून आलेलं पाणी तिथे अडतं, चढायला लागतं आणि जे पहिलं तोंड सापडेल त्यातून बाहेर येतं. दुकानांना मोरी नसेल, तर ते पहिलं तोंड तुमचंच. चौथ्या मजल्यावरच्यांना यातलं काहीही कळत नाही, त्यांचं पाणी झरझर जातं. म्हणून सेक्रेटरींना मनापासून वाटतं की दुखणं फक्त तुमच्या घरात आहे. त्यात त्यांचा काही वाईट हेतू दिसत नाही, पण त्यांना दाखवून द्यावं मात्र लागेल.

एका सकाळीत होणारी तपासणी

सिंक तुंबलेलं असताना ओट्याखाली वाकून ट्रॅपची जाळी बघा. सिंकमध्ये पाणी उभं आहे आणि खालची जाळी कोरडी आहे, तर बोळा कपलिंगमध्ये किंवा वेस्ट पाइपात. सिंकमधलं पाणी उतरतंय पण जाळीतून वर उफाळतंय, तर बोळा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे. आणि घरातले सगळे नळ बंद असताना जाळीत पाणी चढतंय किंवा गुडगुड ऐकू येतेय, तर बोळा बाहेरच्या लाइनमध्ये.

तिसऱ्या शक्यतेची खात्री करायला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विनंती करा. ठरलेल्या वेळी त्यांनी मोरीत दोन बादल्या पाणी एका दमात ओतायचं. तुम्ही जाळी काढून ट्रॅपवर नजर ठेवायची, फोनवर व्हिडिओ सुरू ठेवायचा. घरातल्या एकाने खाली गली ट्रॅपपाशी उभं राहायचं. लाइन मोकळी असेल तर पाणी खाली धबधब्यासारखं पडतं आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणी जेमतेम हलतं. लाइन अडली असेल तर तुमच्याकडे पाणी चढतं आणि खाली ते उशिरा, बारीक धारेने येतं. शक्य असल्यास हे सकाळी भांडी-धुण्याच्या गर्दीत आणि पुन्हा दुपारी निवांत वेळी करा, फरक लगेच दिसेल.

एक खबरदारी. तुमच्या वॉशिंग मशीनचा पाइप याच ट्रॅपमध्ये सोडलेला असेल, तर तपासणीच्या वेळी मशीन बंद ठेवा. मशीन पंपाने एकदम बरंच पाणी फेकतं आणि निरोगी ट्रॅपसुद्धा तेवढ्यापुरता भरतो. त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

तुमच्या बाजूचं काम

बाहेरच्या लाइनमध्ये बोळा निघाला तरी घरातलं काम टळत नाही, कारण आठ महिन्यांत तुमचा वेस्ट पाइपही नक्कीच भरला असणार. हे काम मात्र स्वतः करण्यासारखं आहे.

सिंकमधलं पाणी मगाने काढून घ्या. शेवटच्या दोन दिवसांत पावडर टाकली असेल, तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्या पाण्यात कॉस्टिक सोडा असतो, तो कातडी भाजतो. पाइपाखाली घमेलं किंवा परात ठेवा. कपलिंगखालचा प्लॅस्टिकचा नट हातानेच फिरतो, पान्याने आवळायची किंवा सोडवायची सवय असेल तर त्याचे आटे जातात. नट सुटला की आतला रबरी वायसर सांभाळून बाजूला ठेवा. तो कडक झाला असेल, त्याला भेगा असतील, तर नवाच घ्या.

काढलेला पाइप उजेडात धरून आत बघा. जाळीतून आत खुपसलेलं टोक काळं झालेलं असेल. घड्यांमध्ये पांढुरका-राखाडी थर दिसेल, आंबूस वासाचा, बोटाने दाबला तर ओल्या साबणासारखा घसरडा. त्यात मोहरीचे दाणे, चहाचा चोथा आणि तारेच्या घासणीचे बारीक तुकडे अडकलेले असतात. खरं काम ते तारेचे तुकडे बिघडवतात: ते घड्यांत आडवे रुततात आणि मागून येणारं सगळं त्यांना चिकटत जातं. कपलिंगच्या जाळीवर कढीपत्त्याचं पान सपाट बसलेलं असलं, तर तेवढ्यानेही पाणी संथ होतं. आधी ते काढा, पुढचं सगळं करायची वेळच येणार नाही असंही होऊ शकतं.

हा घड्यांचा पाइप धुऊन परत लावू नका. प्रत्येक घडी म्हणजे चरबीला बसायला एक पायरी, आणि लांबी जास्त असली की मध्ये झोळ पडून तिथे कायमचं पाणी उभं राहतं. त्याऐवजी आतून गुळगुळीत असा ४० मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप घ्या. कपलिंगच्या खालच्या तोंडाचं माप सव्वा इंच आहे की दीड, ते बघून जोडणी आणा. वळण घ्यावंच लागलं तर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावा. आडव्या भागाला दर फुटाला किमान पाव इंच उतार हवा. आणि टोक ट्रॅपमधल्या पाण्यात बुडवू नका. अनेक घरांत पाइप इतका आत कोंबलेला असतो की टोक ट्रॅपच्या तळाला टेकतं आणि वर पांढऱ्या सिमेंटने तोंड बंद केलेलं असतं. मग हवेला वाट मिळत नाही आणि बोळा नसतानाही पाणी रेंगाळतं. टोक पाण्याच्या पातळीच्या साधारण इंचभर वर थांबेल असा पाइप कापा. सिमेंट लावू नका. पाइपाभोवती रबराची रिंग बसवली की झुरळं आणि वास दोन्ही अडतात, आणि पुढच्या वेळी हाताने निघतेही.

सिंकखाली बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅपही लावलेला असेल तर तो काढून टाका. नहाणी ट्रॅप असताना त्याची गरज नसते. दोन ट्रॅप एकापाठोपाठ आले की मधल्या हवेची कोंडी होते.

आता ट्रॅप. जाळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटा, खालचा कप असेल तर तोही काढा. जुन्या वाटीने पाणी उपसून बादलीत घ्या आणि तळाचा गाळ मोजे घातलेल्या हाताने वर काढा. लक्षात ठेवण्याचं ते इतकंच की गाळ वर काढायचा, पुढे ढकलायचा नाही. ढकललेला गाळ पुढच्या वळणावर बसतो आणि मग खरोखर फोडावं लागतं. बाटल्या धुवायच्या लांब ब्रशने ट्रॅपच्या भिंती घासा, निघालेलं पुन्हा उपसा.

यानंतर गरज वाटली तरच स्प्रिंग, म्हणजे पाइपात फिरवायची लांब लवचिक तार. हार्डवेअरच्या दुकानात हाताने फिरवायची ५ मीटरची मिळते. ट्रॅपच्या वळणातून ती हळूहळू, घड्याळाच्या दिशेने फिरवत आत सोडा. मऊ, दबणारा अडथळा लागला तर चरबी आहे: तिथेच फिरवत राहा आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवा, उलट फिरवली तर पकडलेला बोळा सुटतो. टक्कन कडक काही लागलं तर ते वळण किंवा जोड असतो, तिथे जोर करायचा नाही. आत किती गेली ते कळण्यासाठी दर फुटाला स्प्रिंगला चिकटपट्टीची खूण करा. तुमच्या ट्रॅपपासून बाहेरची लाइन दोन-चार फुटांवरच आहे. स्प्रिंग सहा फूट बिनअडथळा गेली आणि पाणी तरीही चढतं, तर तुमच्या हद्दीतलं काम संपलं.

रबरी पंप तुमच्यासारख्या सिंकला फारसा उपयोगी नाही. जोर बोळ्यावर जाण्याऐवजी पाइप जाळीतून उसळतो. पाइप भिंतीत पक्का गेलेला असेल अशा घरांत मात्र तो पहिला इलाज आहे: सिंकमध्ये दोन-तीन इंच पाणी, ओव्हरफ्लोच्या भोकात ओलं फडकं घट्ट, दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याला बूच, आणि मग पंधरा-वीस वेळा एकाच लयीत. खेचण्याचा झटका दाबण्याइतकाच महत्त्वाचा असतो.

पावडर

याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आठ महिन्यांत तुमच्या मोरीत बरंच कॉस्टिक गेलं आहे.

या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की तो तापतो आणि चरबीचा साबण करतो. पातळ थरावर हे काम उत्तम होतं. पण पाइप पूर्ण बंद असेल तर पावडर बोळ्यापर्यंत पोचतच नाही, वर साचलेल्या पाण्यात विरते आणि वायसर, आटे यांवर बसून राहते. जिथे पोचते तिथे अर्धवट झालेला साबण पुढे सरकून थंड होतो आणि वळणावर दगडासारखा बसतो. दर वेळी पाकिटं ओतल्यावर पाणी उतरलं, ते पावडरीने की वरच्यांचा वापर थांबल्याने बाहेरची पातळी आपोआप खाली गेली म्हणून, हे तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.

वापरायचीच तर पाणी संथ जातंय पण जातंय अशा वेळी. साचलेलं पाणी आधी काढायचं, पावडर भोकात टाकायची, वर थंड पाणी थोडंसंच ओतायचं, तोंड लांब ठेवायचं, खिडकी उघडी ठेवायची. अर्ध्या तासाने भरपूर थंड पाणी. गरम पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं, चमचा, जाळी जवळ नको, कॉस्टिक ते खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

आणि ताई, हे अगदी कळकळीने: पावडरीने झालं नाही म्हणून त्यावर संडासाचं ॲसिड कधीही ओतू नका. कॉस्टिक आणि ॲसिड एकत्र आले की उकळी फुटून शिंतोडे उडतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरिन वायू सुटतो, ओट्याखाली वाकलेल्या माणसाला तो सरळ श्वासात जातो. अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच दवाखाना गाठा. उरलेली पाकिटं डब्यात ओतून ठेवू नका, ती दिसायला मीठ-साखरेसारखीच दिसतात. आणि पुढच्या वेळी प्लंबर आला की आत पावडर आहे हे त्याला आधी सांगा. भोगायला लागतं ते त्याच्या हातांना.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस बोळा काढत नाही, दोघं एकमेकांना निकामी करतात. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो, वाकतो, जोड सुटतात. संथ सिंकसाठी दोन-तीन चमचे भांड्यांचं लिक्विड आणि वर हाताला सोसेल त्याहून थोडं गरम असं तीन-चार लिटर पाणी, इतकं पुरतं.

सळई, ओल आणि फोडणं

तुंबणं हे लादी फोडायचं कारण नाही. गळणं असू शकतं. तुमच्या बाबतीत सळईनंतर ओल आली आहे, तेव्हा ट्रॅपला किंवा जोडाला तडा गेल्याची शंका रास्त आहे. जुने ट्रॅप वळणावर कमजोर झालेले असतात आणि सरळ लोखंडी सळई वळत नाही, ती समोरच्या भिंतीवर आपटते. पण शंकेवर लादी फोडायची नाही, आधी तपासून घ्यायचं.

रात्री साडेबारानंतर, इमारतीत पाण्याचा वापर थांबला की ट्रॅपमध्ये पाणी ओतून पातळी स्थिर होऊ द्या. खराट्याची काडी उभी बुडवून पाणी कुठवर आलं त्यावर पेनाने खूण करा. पहाटे पाच वाजता, कुणी नळ सोडण्याआधी, तीच काडी पुन्हा बुडवा. पाणी तिथेच असेल तर ट्रॅपचं अंग शाबूत आहे. बोटभर खाली गेलं असेल तर त्याला तडा आहे.

ट्रॅप शाबूत निघाला तर दुसऱ्या दिवशी नीळ घातलेलं दोन बादल्या पाणी ओता आणि दुकानात छताकडे बघत राहा. निळसर ओल आली तर ट्रॅपपुढचा आडवा पाइप किंवा जोड गळतोय. काहीच आलं नाही, तर ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं फडकं घट्ट बसवून मोरीत इंचभर पाणी २४ तास ठेवा. यात ओल वाढली तर मोरीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. यातही नाही, तर बाहेरच्या लाइनच्या जोडातून भिंतीत पाणी मुरतंय का ते बघावं लागेल, आणि ते पुन्हा सोसायटीचं काम. या तपासण्यांत खाली पाणी उतरू शकतं, त्यामुळे दुकानदाराला सांगितल्याशिवाय सुरुवात करू नका.

तडा निघाला तर ट्रॅप आणि बाहेरच्या लाइनपर्यंतचा तुकडा बदलायचा. त्यासाठी साधारण दोन बाय दोन फुटांची जागा उघडावी लागते, सगळा ओटा उखडावा लागत नाही. "सगळी लाइन" म्हणजे नेमका कुठून कुठवरचा पाइप, हे प्लंबरकडून कागदावर लिहून घ्या. लादी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर किमान २४ तास पाणी उभं ठेवून तपासायचं, हेही त्याच कागदात यायला हवं. ते झाल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. आणि बाहेरची लाइन मोकळी होण्याआधी हे काम काढूच नका. नव्या ट्रॅपमधूनही तेच पाणी वर येईल.

सोसायटी

वरच्या मजल्याची तपासणी व्हिडिओत पकडली गेली की सेक्रेटरींशी वाद घालण्याऐवजी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, तीत ड्रेनेज लाइन येते. घरातला ट्रॅप तुमचा, भिंतीबाहेरची उभी लाइन, गली ट्रॅप आणि आवारातलं चेंबर सोसायटीचं. अर्जात तारीखवार लिहा: कधी पाणी चढलं, तेव्हा घरात काय सुरू होतं, मे महिन्यात घराला कुलूप असताना काय झालं. मागणी नेमकी ठेवा. उभी लाइन गच्चीवरून आणि खालून दोन्हीकडून साफ व्हावी, गच्चीवरचं हवेचं तोंड मोकळं आहे का ते बघावं, आणि पहिल्या मजल्याखाली दरवाजा असलेला बेंड, म्हणजे दुकानात मागायचं तर डोअर बेंड, बसवावा. तो नसला की दर वेळी तुमच्या ट्रॅपमधून साफसफाई होते, असला की बाहेरच्या बाहेर.

चेंबर साफ करायचं काम निघालं तर ते रॉड किंवा जोराच्या पाण्याने साफ करणाऱ्या जेटिंग मशीनने व्हावं, असंही अर्जात घाला. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि दोन पैसे वाचवायला कुणाचा जीव धोक्यात घालणं सोसायटीला शोभत नाही. आवाराबाहेरचं गटारच भरलं असेल, चेंबरमधलं पाणी उतरतच नसेल, तर ती तक्रार महापालिकेकडे, १९१६ वर. पावसाळ्यात भरतीच्या वेळी सखल भागांत असं होतं, तेव्हा घरात कितीही स्प्रिंग फिरवली तरी उपयोग नसतो, पाणी ओसरेपर्यंत वापर कमी ठेवावा लागतो.

आणि घरातलं

सासूबाई खरं बोलताहेत. त्यांच्या वेळी भांडी मोरीत, थेट मोठ्या तोंडाच्या ट्रॅपवर घासली जायची, खरकटं आधी निपटलं जायचं. तेच आता सव्वा-दीड इंची नळीतून जातं. म्हणजे यात तुमचा निष्काळजीपणा नाही आणि भांडी घासणाऱ्या बाईंचाही नाही. त्यांच्या हाताशी खरकट्याचा डबा नसेल तर खरकटं सिंकमध्येच जाणार. ओल्या कचऱ्याचा डबा सिंकच्या उजव्या हाताला, उघडा ठेवा. भोकावर बारीक जाळीची वाटी बसवा. तारेची घासणी बंद करून नायलॉनची आणा.

तेलकट कढई आणि तवा धुण्याआधी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसायचा, एवढ्या एका सवयीने निम्मं दुखणं कमी होतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तूप आणि वनस्पती तूपही घट्ट होतं. गणपतीचे मोदक, दिवाळीचं तळण आणि पाठोपाठ आलेला डिसेंबर-जानेवारीचा गारवा, या दिवसांत मुंबईतली सिंकं का तुंबतात ते यावरून कळेल. उरलेलं तळणीचं तेल बाटलीत भरा, मोरीत नको. भाताची पेज, इडलीच्या पिठाचं धुवण आणि माशांची खवलं यांचंही तसंच, खवलं तर पाण्यात सहज कुजत नाहीत. आठवड्यातून एकदा, नळाला पाणी असतानाच्या वेळेत, बूच लावून सिंक अर्ध भरा आणि एकदम सोडा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून तेच वापरलंत तरी चालेल. रोजच्या बारीक धारेने न हलणारा थर त्या लोंढ्याने सुटतो. त्याच दिवशी ट्रॅपचा कप काढून धुवायचा.

खालच्या दुकानदारांकडे मात्र आजच जा, तपासणीची वाट बघू नका. छतावरच्या डागाच्या कडेने त्यांना पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहायला सांगा. डाग वाढतोय की आहे तिथेच थांबलाय, हे त्या रेघेवरून तुम्हा दोघांनाही कळत राहील.